टवका दगडाने उडतो, तडा कशाने जातो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आधीची गाडी अकरा वर्षं वापरली, तिच्या समोरच्या काचेवर थोडं खरचटलं होतं तेवढंच. आता घेतलेल्या उंच, चौकोनी गाडीची काच दोन वर्षांत दोनदा बदलावी लागली आणि तिसऱ्या काचेवर परवा पुन्हा टवका उडाला. रस्ता तोच, चालवणारे तुम्हीच. मग हल्ली काचाच कच्च्या येतात का, आणि पुढच्या वेळी कोणती काच बसवावी?

मी बावीस वर्षं गाड्यांच्या काचा बसवतोय आणि टवके भरतोय. ‘काचच कच्ची होती’ हे वाक्य अक्षरशः रोजचं आहे. पण उतरवलेली काच उजेडात धरून बघितली की बहुतेक वेळा गोष्ट वेगळीच निघते. तुमच्या दोन काचा मी बघितलेल्या नाहीत, त्यामुळे त्या कशाने गेल्या हे छातीठोकपणे सांगणार नाही. कुठे शोधायचं ते मात्र सांगू शकतो.

मुळात तुम्ही एक प्रश्न विचारलात, पण त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. दगड काचेवर किती जोरात येतो, हा पहिला. तो आदळल्यावर टवका का उडतो, हा दुसरा. आणि उडालेल्या टवक्याचा तडा का होतो, हा तिसरा. हे वेगळे करायलाच हवेत, कारण काच बदलावी लागते ती जवळजवळ नेहमी तिसऱ्यामुळे. टवका अंगावर घेऊन काच वर्षानुवर्षं चालते. तडा नजरेसमोरून आडवा गेला की ती उतरवावीच लागते.

आधी ही काच काय चीज आहे ते बघू. दारांच्या काचा साधारणपणे टफन्ड असतात. म्हणजे तापवून झपाट्याने थंड केलेल्या. त्यामुळे त्यांचा पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो, छोटामोठा मार त्या सहज पचवतात, आणि फुटल्याच तर सगळ्या एकदम बारीक दाण्यांच्या होतात. समोरची काच तशी केली तर एका खड्याने सगळी पांढरी होईल आणि भरधाव गाडीत चालवणाऱ्याला काहीच दिसणार नाही. म्हणून समोर लॅमिनेटेड काच असते: साधारण दोन-दोन मिलिमीटरचे दोन पत्रे आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लॅस्टिकचा बहुधा 0.76 मिलिमीटरचा थर. हे दोन्ही पत्रे टफन्ड नसतात. बाहेरच्या पत्र्याला दारांच्या काचेसारखं कवच नाही, हे इथेच लक्षात ठेवा.

या काचेचा जन्मही असाच आहे. 1903 साली एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून काचेचं एक पात्र खाली पडलं. ते तडकलं, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा वाळून चिकटला होता. त्यावरून पुढे 1909 मध्ये त्याने पेटंट घेतलं. फुटली तरी माणसाच्या अंगावर येऊ नये, यासाठी ही काच केलेली आहे. टवका उडू नये हा तिचा हेतू कधीच नव्हता. ती तडकली म्हणून गिऱ्हाईक चिडतं तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं, कारण याच काचेने माणसं वाचवलेली मी पाहिली आहेत.

आता पहिला प्रश्न, दगडाचा जोर. बहुतेकांना वाटतं की पुढचा ट्रक दगड मागे भिरकावतो. जरा विचार करा. ट्रक पुढे चाललाय, चाकाचा जो भाग जमिनीला टेकलाय तो त्या क्षणी रस्त्याच्या मानाने जवळजवळ स्थिर असतो आणि तिथून वर जाताना पुढेही सरकत असतो. तिथून सुटलेला खडा मागे येत नाही. तो वर उडतो, थोडा पुढेही जातो, हवेत रेंगाळतो आणि मागून येणारे तुम्ही त्याच्यावर जाऊन आदळता. म्हणजे त्या धडकेत मोठा वाटा तुमच्याच वेगाचा असतो. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 80 ऐवजी 100 किलोमीटरने गेलात तर त्याच खड्याचा जोर दीडपटीहून जास्त. समोरून येणाऱ्या ट्रकचा खडा तर आणखी वाईट, कारण तो त्याच्या दिशेने, म्हणजे तुमच्या अंगावर येत असतो आणि दोन्ही वेग एकमेकांत मिसळतात.

दुसरी बाब काचेच्या उताराची, आणि तुमच्या बाबतीत मला हीच सगळ्यात ठळक वाटते. बसक्या गाडीची काच चांगलीच कललेली असते, जमिनीशी 30 अंशांच्या आसपास धरा. तुमच्या नव्या गाडीसारख्या चौकोनी गाडीची काच 60 अंशांपर्यंत उभी असू शकते. समोरून येणारा खडा कललेल्या काचेवर घसरून निघून जातो, उभ्या काचेवर सरळ ठोसा मारतो. हिशेब केला तर काचेत काटकोनात शिरणारा जोर 30 अंशांना एकूण जोराच्या पाव असतो, 60 अंशांना पाऊण. म्हणजे तोच खडा, तोच वेग, तीच काच आणि मार तिप्पट. जुन्या गाडीच्या काचेवरचं ते खरचटणं आठवा. त्यातल्या काही खुणा म्हणजे घसरून गेलेले दगड असणार.

आता टवका. काच कागदावर जितकी मजबूत निघते त्याच्या कितीतरी खाली ती प्रत्यक्षात तुटते. याचं कारण ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 मध्ये मांडलं: काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात आणि ताण त्यांच्या टोकाशी एकवटतो. नवी काचही यातून सुटत नाही. त्यात वायपरखाली अडकलेली रेती रोज घासते. रेतीतला क्वार्ट्झ खनिजांच्या काठिण्यमापनात 7 वर आहे, काच साडेपाचच्या आसपास. म्हणून दगड मोठा असलाच पाहिजे असं नाही. नुकत्याच अंथरलेल्या खडीतला धारदार कोपऱ्यांचा बारीक खडा गुळगुळीत गोट्यापेक्षा जास्त घात करतो, कारण त्याचा सगळा जोर एका टोकाशी येतो.

‘हल्लीच्या काचा पातळ असतात’ या तक्रारीत थोडं तथ्य आहे. एक चौरस मीटर काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरतं, त्यामुळे गाडी हलकी करायची तर उत्पादकाची नजर काचेवर जातेच. काही गाड्यांत आतला पत्रा 1.6 मिलिमीटरवर आला आहे. मात्र अणकुचीदार बारीक खड्याने उडणाऱ्या टवक्यात जाडीचा फारसा हात नसतो. तो मामला बाहेरच्या पृष्ठभागाचा आहे. बोथट, जड दगडाचा दणका बसतो तेव्हा काच आत लवते, आणि तिथे जाडी कामाला येते. तुमच्या मॉडेलला नेमकी किती जाडी आहे हे बघितल्याशिवाय सगळं खापर पातळपणावर फोडू नका.

आता तिसरा प्रश्न. माझं निम्मं काम यावरच चालतं, म्हणून इथे जरा थांबतो.

टवका बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढा दिसतो. भिंगातून तिरका उजेड टाकून बघितला की खाली शंकूसारखी भेग दिसते, आत जाताना रुंद होत गेलेली. नुसता गोल टवका असेल तर तो बऱ्याचदा शांत बसून राहतो. त्याला पाय फुटलेले असतील, म्हणजे बाजूंना बारीक भेगा गेलेल्या असतील, ज्याला आम्ही स्टार म्हणतो, तर मला काळजी वाटते. अशा टवक्यामागे आतल्या बाजूने अंगठा ठेवून मी अगदी हलका दाब देतो. एखाद्या पायाची काळी रेघ केसभर लांबते आणि दाब सोडला की आखडते. ती काळी रेघ म्हणजे भेगेत शिरलेली हवा. एवढ्या दाबाने जी भेग हलते, ती दार आपटल्यावर, खड्ड्यातून गेल्यावर, काच तापल्यावर किती हलत असेल ते लक्षात येतं. (हे तुम्ही करून बघू नका. माझ्याही हातात असताना एकदोन काचांना आरपार तडे गेले आहेत.)

भेगेच्या टोकाला ओढ बसली की तडा पुढे जातो. ओढ येते कुठून? एक तर काचेतच असते. काच वाकवून थंड करताना अगदी कडेची पट्टी दाबाखाली जाते आणि तिच्या लगेच आतल्या पट्ट्यात ताण राहतो. म्हणून कडेपासून पाच-सहा सेंटिमीटरच्या आत उडालेला टवका मधल्या टवक्यापेक्षा फार लवकर पळतो. तुमच्या दोन्ही काचा गेल्या तेव्हा टवका कुठे होता, हे आठवून बघा.

दुसरी ओढ तापमानाची. काचेचा मधला भाग उन्हाने तापून पसरतो. कड चौकटीत, सावलीत आणि गार असते, ती पसरत नाही, उलट ताणली जाते. कडक थंडीत गोठलेल्या काचेवर गरम हवेचा झोत पूर्ण सोडला, किंवा कोणी गरम पाणी ओतलं, तरी हेच होतं. तापलेल्या काचेवर आतून एसीचा गार झोत सोडला की गार झालेला भाग आखडतो आणि तिथे ओढ बसते. पसरायला किंवा आखडायला वाव नसेल तर एका अंशाच्या फरकाने काचेत सुमारे 0.6 मेगापास्कल ताण येतो, 40 अंशांना जवळपास 25. शाबूत काच एवढं सोसते. टवक्याच्या टोकाशी मात्र हाच ताण अनेक पटींनी वाढलेला असतो.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ही फार कमी लोकांना माहीत असते. ताणाखाली असलेल्या भेगेच्या टोकाशी हवेतली वाफ पोचली की काचेतले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध एकेक करून सुटायला लागतात. भेग दिसणार नाही इतक्या सावकाश वाढते, आणि एका हद्दीनंतर झपाट्याने पळते. ‘गाडी नुसती उभी होती हो, सकाळी बघतो तर आरपार तडा’ असं लोक सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. त्या तड्याची सुरुवात कदाचित तीन आठवड्यांपूर्वीच्या एका टिचकीएवढ्या आवाजात झालेली असते.

आणि चौथी ओढ चौकटीची. तुमची काच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसवलेली आहे, म्हणून हे नीट वाचा. पूर्वी काच रबराच्या बीडिंगमध्ये बसायची, तिला हलायला थोडी जागा असायची. आता ती पॉलियुरेथेनच्या सीलंटने गाडीच्या सांगाड्याला चिकटवलेली असते आणि गाडीच्या मजबुतीचा भाग बनते. सांगाडा पिळवटला की काचही पिळवटते. सीलंटचा थर सगळीकडे सारखा असेल तर ती हे सहज झेलते. एका कोपऱ्यात थर कमी पडला किंवा चौकटीवर काही उंचवटा राहिला, की काच तिथे कायमची टेकून राहते.

माझ्याकडे एक गाडी आली होती. वर्षभरात तिसरी काच, आणि प्रत्येक वेळी तडा उजव्या खालच्या कोपऱ्यातून वर गेलेला. मालक दगडाला दोष देत होते. मी तड्यावरून बॉलपेनचं टोक हळूहळू फिरवत नेलं. दगड लागला असेल तर टोक कुठेतरी खड्ड्यात अडकतं. इथे कड येईपर्यंत पेन गुळगुळीत सरकत गेलं, आणि कडेला तडा अगदी काटकोनात सुरू झालेला होता. काच उतरवली तर कोपऱ्यात चौकटीचा रंग खरवडला गेलेला, त्याखाली गंजाचा फुगा आणि फुग्यावर जुन्या सीलंटचा घट्ट गोळा. आधीच्या कारागिराने तो न तासता त्याच्यावरच नवी काच दाबून बसवली होती. मी गंज चौकटीच्या धातूपर्यंत घासून काढला, प्रायमर मारला, वाळू दिला आणि मग काच बसवली. तो कोपरा पुन्हा कधी तडकला नाही. ती पहिली काच दगडाने गेली असेलही, पण पुढच्या दोन्ही हाताच्या कामाने गेल्या. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण ते काम अर्ध्या तासाचं होतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: उभी काच आणि वेग यामुळे तुम्हाला मार जास्त बसतोय, हे बहुधा खरं आहे आणि त्यावर फार काही करता येणार नाही. अंतर वाढवा, सुट्या खडीवर वेग उतरवा, खडी वाहणाऱ्या ट्रकच्या मागे रेंगाळू नका. पण टवक्याचा तडा होणं हे बऱ्याच अंशी टवक्याची जागा, ऊन-गारवा, ओल आणि काच बसवणाऱ्याचा हात यांवर ठरतं. तिथे तुम्हाला पुष्कळ काही करता येतं.

परवाच्या टवक्यापासून सुरुवात करा. त्यावर आत्ताच पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरणार नाही. बोट फिरवू नका, नखाने कोरू नका, गाडी जोराच्या फवाऱ्याखाली धुऊ नका. गाडी सावलीत लावा, एसी किंवा हीटर हळूहळू वाढवा, झोत थेट काचेवर सोडू नका. आणि होईल तितक्या लवकर टवका भरून घ्या. आम्ही आतली हवा आणि ओल खेचून काढतो, दाबाने पातळ रेझिन भरतो आणि अतिनील दिव्याखाली ते कडक करतो. रेझिन भेगेच्या टोकापर्यंत पोचलं की वाफेची वाट बंद होते आणि दोन्ही बाजू पुन्हा जखडल्या जातात. रेझिनमधून उजेड जवळपास काचेइतकाच वळतो, म्हणून खूण पुसट होते. पूर्ण नाहीशी होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भेगेत एकदा मळ शिरला की रेझिन धड चिकटत नाही आणि डागही राहतो. लवकर या असं मी सगळ्यांना कळवळून सांगतो ते यासाठी.

सगळेच टवके भरण्यासारखे नसतात. अगदी चालवणाऱ्याच्या नजरेसमोर असेल, कडेला भिडलेला असेल, किंवा आतल्या पत्र्यालाही भेग गेली असेल, तर मी भरत नाही, काच बदला म्हणतो. आतून नख फिरवून खरखरीत लागलं तर आतला पत्रा गेलाय असं समजा.

‘कोणती काच घ्यावी’ याचं उत्तर एका नावात देता येत नाही. काचेचं मूळ मिश्रण बहुतेक सगळीकडे तेच, सोडा-लाइम. फरक पडतो तो वाकण्याच्या अचूकपणात, कड किती सफाईने घासली आहे त्यात, आणि जाडीत. कोपऱ्यातला छापील शिक्का वाचा: वर्तुळातला इंग्रजी ‘ई’ आणि शेजारचा आकडा म्हणजे युरोपीय नियमांखालची मान्यता आणि ती देणारा देश, ‘एएस 1’ म्हणजे अमेरिकी नियमांप्रमाणे समोर चालणारी काच. शिक्काच नसेल तर ती काच घेऊ नका. कोरडी काच चौकटीत ठेवून बघायला सांगा. चारही बाजूंना फट सारखी हवी, कुठला कोपरा दाबून बसवावा लागत असेल तर ती काच परत पाठवा. आरशामागे कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा नेमकी जुळवणं, करून घ्यावंच लागतं. सीलंट पुरेसं धरेपर्यंत गाडी हलवू नका. तो वेळ सीलंट, तापमान आणि आर्द्रता यांवर ठरतो, म्हणून डब्यावर काय लिहिलंय ते बसवणाऱ्याला विचारा.

आणि ही तिसरी काच खरंच उतरवायची वेळ आली, तर आधी तड्यावरून पेन फिरवून तो कुठून सुरू झालाय ते शोधा आणि तिथला जवळून फोटो काढा. मग काच निघताना समोर उभे राहा आणि नवीन सीलंट लागण्याआधी टॉर्च घेऊन चौकट सगळीकडून बघा, विशेषतः खालचे दोन्ही कोपरे.